उरलेल्या उष्णतेचा हिशेब

एखादी वस्तू टाकाऊ ठरते ती स्वतःच्या दोषामुळे, की वापरणाऱ्याच्या उदासीनतेमुळे? भट्टीच्या धुराड्यातून, इंजिनाच्या नळीतून रात्रंदिवस निसटून जाणाऱ्या उष्णतेच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिले की, उष्णतेपासून मिळणाऱ्या कामाला मर्यादा असते आणि ती गरम व थंड बाजूंच्या तापमानांवर ठरते. ९० अंश सेल्सिअसच्या पाण्यातील उष्णता घेऊन ती ३० अंशांच्या हवेत सोडणारे आदर्श यंत्रही तिचा जेमतेम सहावा भाग विजेत उतरवील. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी. ही हानी निसर्गनियमाची आहे. तिच्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. परंतु जे मिळवता येण्यासारखे होते आणि आपण मिळवले नाही, त्याचा जाब मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.

१९५० च्या दशकात सोव्हिएत संघात, वीज न पोहोचलेल्या खेड्यांसाठी रॉकेलच्या दिव्यावर बसणारे एक जनित्र तयार झाले. दिव्याच्या ज्योतीवरून वर जाणारी ऊब भिन्न पदार्थांच्या सांध्यांची एक बाजू तापवी, दुसरी बाजू हवेने थंड राही. या फरकातून रेडिओपुरती वीज निर्माण होई. आज लहान संयंत्रांत पाण्यापेक्षा कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरून कारखान्यातील वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज काढतात.

हे स्तुत्य आहेच. पण येथे एक मोहही दडलेला आहे. कोळसा काटकसरीने वापरणारी यंत्रे आली म्हणजे कोळशाचा एकूण खप घटत नाही, उलट वाढतो, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच बजावले होते. उरलेले सावडल्याच्या समाधानात मूळची उधळपट्टी सहज झाकली जाते.

म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. एवढा अग्नी पेटवण्याची गरज आहे काय, हा पहिला. उरलेली उष्णता पाणी तापवण्यास वा धान्य वाळवण्यास उष्णता म्हणूनच वापरता येईल काय, हा दुसरा. विजेचा विचार त्यानंतर. तो दिवा मुळात उजेडासाठी होता. रेडिओ त्याच्या शिलकीवर चाले. गरज आधी आणि शिल्लक नंतर, हा क्रम सांभाळला तरच काटकसर हा सद्गुण राहतो. तो उलटला की तीच काटकसर उधळपट्टीची सबब बनते.