विकलेली वस्तू कोणाची?

अमेरिकेतील कित्येक शेतकरी १९४७ ते १९५२ या काळात बनलेला फोर्ड ‘८ एन’ ट्रॅक्टर दुरुस्त करून हिवाळ्यात दारापुढील हिम सारण्यास अद्याप वापरतात. गारठलेल्या पहाटे त्याची सहा व्होल्टची बॅटरी हटून बसली, कार्ब्युरेटर तुंबला, तर मालक स्वतःच पाना घेऊन बसतो. यास कोणी जुन्याचा हव्यास म्हणोत. नव्या ट्रॅक्टरातील कित्येक बिघाड कारखानदाराच्या संगणकीय आज्ञावलीवाचून उलगडत नाहीत. अज्ञ हातांनी अपघात होतील, हे कारखानदारांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हे. परंतु मोल देऊन घेतलेली जी वस्तू उघडण्यास विक्रेत्याची अनुज्ञा लागते, ती विकली गेली असे म्हणावे काय? दुरुस्तीची साधने व माहिती शेतकऱ्यास मिळावी म्हणून कोलोरॅडो राज्यास २०२३ साली कायदा करावा लागला, हे मला चमत्कारिक वाटते.