सिबिलमध्ये नसलेलं कर्ज

"सर, स्कोअर ६६८ आहे. तोही चालला असता एक वेळ. पण इथे एक अकाउंट 'सेटल्ड' दिसतंय."

वाकडला वन बीएचके बघितला होता. गृहकर्ज किती मिळेल ते विचारायला गेलो, तर समोरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पाच वर्षांपूर्वीचं क्रेडिट कार्ड. मी ते पार विसरलो होतो. सिबिल विसरलं नव्हतं.

घरी येऊन पहिल्यांदा पूर्ण रिपोर्ट डाऊनलोड केला. भारतात चार कंपन्या असा रिपोर्ट बनवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. आपणच आपला रिपोर्ट बघितला तर स्कोअर कमी होत नाही. मी मात्र तोवर फक्त ॲपमधला तो रंगीत काटा बघत आलो होतो. स्कोअर ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो. खरी गोष्ट रिपोर्टमध्ये असते. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात आणि त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता ते त्यात लिहिलेलं असतं. माझे चौकोन असे होते: ०००, ०००, ०३०, ०६०, ०९०. आणि शेवटी 'सेटल्ड'.

हा शब्द ऐकायला किती शांत वाटतो! मिटलं, असा. त्याचा खरा अर्थ असा, की बँकेने पूर्ण रक्कम मिळण्याची आशा सोडली आणि मिळाले तेवढे घेऊन विषय बंद केला. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' येतं. दोन्हींत वसुलीचे फोन थांबतात. पण पुढचा कर्ज देणारा दोन्हींकडे सारख्या नजरेने बघत नाही.

माझी हकिगत साधी आहे. जून २०२० मध्ये नोकरी गेली. रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्त्यांची सवलत ऑगस्टअखेर संपली आणि कार्डाचे ५८,००० रुपये थकायला लागले. जानेवारीत नवी नोकरी लागली. फेब्रुवारीत वसुलीवाल्याचा फोन आला, "३१ हजार भरा, विषय संपवू." तोवर माझा पहिला पगार झाला होता. दर महिन्याला थोडे थोडे देऊन सगळे फेडता आले असते. मी ३१ हजार भरले आणि २७ हजार वाचवले म्हणून मित्रांना पार्टी दिली.

आता कर्ज अडल्यावर मी आठवडाभर बँकेच्या मागे लागलो, उरलेले पैसे भरले, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं आणि नोंद बदलायला सांगितली. तुमची नोंदच चुकीची असेल तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत ती सोडवली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. माझी नोंद मात्र बरोबरच होती.

पैसे भरल्यावर छान वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, कारण हिशोब मांडताना २०२० मधला दुसरा एक आकडा आठवला.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर माझ्या वाट्याचं भाडं रूममेटने भरलं होतं. महिना ६,५०० प्रमाणे २६,००० रुपये. त्याचाही पगार कापला गेला होता. "नोकरी लागली की दे, भावा," एवढंच म्हणाला होता. नोकरी लागली. मी कार्ड 'सेटल' केलं, नवा फोन घेतला, रूम बदलली. त्याला म्हटलं पुढच्या महिन्यात देतो, मग त्याच्या पुढच्या. मग त्याचा फोन आला की मी मीटिंगमध्ये असायला लागलो. त्याने पैसे एकदाही मागितले नाहीत. हळूहळू त्याचे फोन बंद झाले आणि मला हायसं वाटलं.

आमच्या गावात उधारी थकलेली माणसं किराणा दुकानासमोरून जायचं टाळतात, मागच्या गल्लीने जातात. मी तेच केलं. माझी मागची गल्ली म्हणजे त्याचं चॅट म्यूट करणं.

म्हणजे बँकेच्या २७ हजारांसाठी माझी झोप उडाली आणि मित्राचे २६ हजार पाच वर्षं आठवलेही नाहीत. फरक एवढाच, की त्याच्याकडे माझा रिपोर्ट नव्हता.

मग प्रश्न पडतो: ज्याची वसुली कुणीच करू शकत नाही, ते कर्ज उरतं का? कायद्याचं उत्तर मला अनपेक्षित होतं. उसन्या पैशांसाठी साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो. कोविडमुळे वगळलेला काळ धरूनही माझ्या मित्राची मुदत संपली आहे. पण मुदत संपली की दाव्याचा रस्ता बंद होतो; देणं पुसलं जात नाही. उलट, १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २५ सांगतं, की मुदत संपलेलं कर्ज फेडेन असं वचन कुणी लेखी, सही करून दिलं तर तो पक्का करार होतो. एरवी मोबदल्याशिवाय दिलेलं वचन कायदा मोजत नाही. इथे मोजतो.

आणखी एक योगायोग. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, म्हणून त्याच्याकडून वसुली करता येते, असं हिंदू कायदा पूर्वी मानायचा. २००५ च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांसाठी हा आधार काढून टाकला. ते योग्यच झालं. त्याच २००५ मध्ये क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा झाला. एकीकडे कर्तव्य म्हणून वसुली गेली, दुसरीकडे नोंद आली. माझी पिढी नोंदीत वाढली. त्यामुळे जे नोंदीत नाही ते देणंच नाही, असं आम्हाला नकळत वाटायला लागलंय का?

स्कोअरला दोष देऊन उपयोग नाही. हा माणूस पुढचे हप्ते भरण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. तो चारित्र्याचा दाखला नाही. माझ्या आईने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. कर्जच घेतलं नाही, म्हणून तिच्या रिपोर्टवर 'नो हिस्टरी' येतं. उलट, आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर ज्यांना खरंच भरणं शक्य नव्हतं, त्यांच्या 'सेटल्ड'मध्ये लाज वाटण्यासारखं काही नाही. देणाऱ्याने सोडून देणं हीसुद्धा माणसांनी शोधलेली चांगली गोष्ट आहे. पण सोडून द्यायचं की नाही हे देणाऱ्याने ठरवायचं. मित्राच्या बाबतीत ते मीच परस्पर ठरवलं होतं, त्याला न विचारता.

गेल्या आठवड्यात मी त्याला मेसेज केला. व्याज लावावं की नाही यावर अर्धा तास घालवला आणि लावलं नाही. त्याला तो अपमान वाटला असता. लिहिलं, "चार महिन्यांचं भाडं, २६,०००. उशीर झाला, चूक माझी. अकाउंट नंबर पाठव."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "यूपीआय जुनंच आहे." मग दहा मिनिटांनी दुसरा मेसेज: "पैशांचं ठीक आहे रे. फोन उचलायचा का बंद केलास?"

पैसे लगेच पाठवले. दुसऱ्या मेसेजचं उत्तर तीनदा लिहिलं आणि खोडलं. तो आता नाशिकला असतो. रविवारी जाऊन येतो म्हणून कळवलंय. त्याने अजून फक्त अंगठा पाठवलाय.