खंडाने घेतलेली जमीन

दिवाळीच्या दिवसांत लाभाच्या गोष्टी बोलाव्यात असा आपल्याकडे संकेत आहे. लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर तोट्याचा हिशेब मांडणाऱ्याला घरची मंडळी गप्प बसवतात, आणि ते योग्यच आहे. तरीही माझ्या तोट्याची हकिकत मी सांगणार आहे. गेलेल्या पैशाचे दुःख आता ओसरले. पण त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न अजून माझी पाठ सोडीत नाही.

नाशिकच्या एका शाळेत मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झालो तेव्हा हातात थोडी रक्कम होती आणि डोक्यात शेती होती. जन्म पंचवटीतल्या वाड्यातला. शेताशी संबंध काय तो हुरडा खाण्यापुरता. सिन्नरकडच्या एका कोरडवाहू तुकड्याच्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे खरे, पण तो चुलतभाऊ पाहतात. म्हणजे कागदावर मी शेतकरीच होतो. त्यातून हा द्राक्षांचा आणि कांद्याचा जिल्हा. इथे जो तो शेतीबद्दल इतके बोलतो, की नुसते ऐकूनही माणसाला आपल्याला पुष्कळ कळते असे वाटू लागते.

निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरच्या बाजूला, ४ एकर जमीन खंडाने मिळते असे कळले. मी ती पाहिली भाद्रपदात. भाद्रपदात कोणती जमीन वाईट दिसते? बांधापासून बांधापर्यंत हिरवे गवत, काळी माती, काठोकाठ भरलेली विहीर. मालक सत्तरीचे, बोलायला गोड. म्हणाले, "सर, पाण्याची काळजी करू नका." मी मुठीत माती घेतली, चुरडली आणि जाणत्यासारखी मान हलवली. "आम्हीही मूळचे शेतकरीच," असेही म्हणालो. एकरी वर्षाला २५,००० रुपये खंड ठरला. दोन वर्षांचे दोन लाख दसऱ्याला आगाऊ दिले.

कागद केला नाही. तो तिकडे सहसा कोणी करीतच नाही. १९४८ साली कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या कितीतरी कुटुंबांचे त्याने कल्याण झाले, ह्यात शंका नाही. पण तेव्हापासून जमीनवाल्याच्या मनात अशी धास्ती बसली, की कसणाऱ्याचे नाव कागदावर येऊच द्यायचे नाही. आमच्या मालकांच्या वडिलांची काही जमीन त्या वेळी गेली होती. ते त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. तेव्हा सगळा व्यवहार तोंडी. जिथे कागद नाही तिथे शब्द हाच कागद. आणि मग न बोललेल्या शब्दाचे काय?

दोन एकरांत उन्हाळ कांदा लावायचे ठरवले. नांगरट, रोप, लागवड, खते, मजुरी मिळून आणखी सव्वा लाख गेले. पौषात लागण झाली आणि पंधरा दिवसांतच पातीची टोके करपू लागली. मी पाणी वाढवले. पाणी जिरेना, वाफ्यात तसेच उभे राहू लागले, आणि सुकले की जमीन फरशीसारखी टणक होई. माघ सरता सरता वाफ्यांवर पांढरी पूड दिसू लागली. निंदणीला येणाऱ्या एका म्हातारीला मी विचारले, "मावशी, हे काय?" ती म्हणाली, "मीठ हाय ते, गुरुजी. चोपण रान ना हे. इथं कांदा कसा धरंल?" मी म्हणालो, "मग आधी का नाही सांगितलंत?" तिने खुरपे न थांबवता उत्तर दिले, "तुम्ही कुठं इचारलं?"

चोपण जमीन म्हणजे काय, ते मी मग वाचून काढले. काळ्या चिकण मातीला पाणी भरपूर मिळाले आणि निचरा मिळाला नाही, की खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार राहतात. त्यातला सोडियम मातीला असा घट्ट करतो की मुळांना हवा मिळत नाही, पाणीही मिळत नाही. गोदावरीच्या कालव्यांनी खाली कोपरगावाकडे ऊस आणला, तसे हे दुखणेही आणले. उपाय आहेत: चर खणावेत, जिप्सम घालावे, धैंचा पेरून गाडावा. पण त्याला वर्षे लागतात, आणि दोन वर्षांच्या खंडकऱ्याने ते कोणासाठी करावे? माती तपासून घेतली असती तर चिमूटभर पैशात सारे कळले असते.

कांदा निघाला तो सगळा गोल्टी. लासलगावला नेला, त्यात काढणीची मजुरीही सुटली नाही.

मी तावातावाने मालकांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, मी काय खोटं बोललो? पाणी आहे म्हणालो, पाणी आहेच. आणि तुम्ही तर मूळचे शेतकरी. माती हातात घेऊन पाहिलीत की!"

खरोखरच, ते एकदाही खोटे बोलले नव्हते. त्यांना दोष द्यावा की नाही?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात तो येतो. रोड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? बॅबिलोनच्या डायोजिनीसचे मत असे, की कायदा सांगतो तेवढे दोष उघड केले आणि खोटे बोलले नाही म्हणजे झाले. गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे, सारे सांगितले पाहिजे. सिसरोने शिष्याच्या बाजूने कौल दिला, आणि मीही तोच देईन. स्वतःच्या लाभासाठी, समोरच्याला अंधारात ठेवून धरलेले मौन ही फसवणूकच आहे. मालक चुकले, ह्याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

पण रोड्सचे लोक निदान भुकेले होते. माझे तसे नव्हते. मी विचारले का नाही? विचारायचे सुचले नाही, असे मी बरेच दिवस घरात सांगत होतो. ते खरे नाही. सुचले होते. बांधावर शेजारचे तिघे-चौघे उभे होते; "ह्यात आधी कुणी काय पिकवलं?" हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, आणि मी तो गिळला. विचारले असते तर मी शेतकरी नाही हे उघड झाले असते. म्हणजे मीही काही लपवीत होतो.

इथवर आले असते तर मी हा लेख लिहिलाही नसता. पण पुढच्या भाद्रपदात नाशिकचा एक तरुण माझ्याकडे आला. कारखान्यातली नोकरी सोडलेली, डोळ्यांत तेच स्वप्न. माझे खंडाचे एक वर्ष शिल्लक होते; त्याला ते हवे होते. त्या वर्षाचा लाख रुपये खंड तो रोख द्यायला तयार होता. शेत पुन्हा हिरवेगार दिसत होते. त्याने माती मुठीत घेतली, चुरडली आणि मान हलवली.

आम्ही बांधावर चहा घेतला. तो पेला संपेपर्यंत मी गप्प होतो, हे मला कबूल केले पाहिजे. त्या तेवढ्या वेळात डायोजिनीसचे सारे युक्तिवाद मला सुचले. आणखी दोन-तीन माझे स्वतःचेही. मग मी सांगितले: "ही जमीन चोपण आहे. घेऊ नका."

तो हसला. मला ती सोडायची नाही, किंवा भाव वाढवायचा आहे, असे त्याला वाटले. "बघतो सर," म्हणाला आणि गेला. महिन्याभरात त्याच मालकांचा माझ्या शेताला लागून असलेला दोन एकरांचा तुकडा त्याने खंडाने घेतला.

घरी पत्नीने विचारले, "तुम्ही त्याला नीट सांगितलंत ना?" सांगितले होते, पण पांढरी पूड दाखवायची तर ती भाद्रपदात दिसत नाही, आणि कांदा कसा गेला ते सगळे सांगायचे, तर माझ्या गोल्टीची गोष्ट सांगावी लागली असती. ती मी सांगितली नव्हती.

पौषात एकदा विहिरीवरची मोटार आणायला गेलो होतो. त्याने दुरून हाक मारली, "सर, लागण झाली! रोप बघा कसं लागलंय!" मी हात वर केला.