राखणाऱ्याचा सन्मान

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात येतो तेव्हा त्यात गोल करणाऱ्यांची नावे असतात. कितव्या मिनिटाला गोल झाला, हेही असते. जे गोल होऊ शकले असते परंतु झाले नाहीत, त्यांची नोंद कोठेही नसते. बचावपटूचे सारे आयुष्य या न लिहिलेल्या यादीत खर्ची पडते. त्याची चूक मात्र हजारोंना दिसते, आणि चेंडू त्याच्याच पायाला लागून स्वतःच्या जाळ्यात गेला, तर तेवढ्यापुरते त्याचे नाव गोलांच्या रकान्यात येते. अशा खेळाडूने एकाच संघासाठी वर्षानुवर्षे खेळून निवृत्ती घेतली, तर त्याचा सन्मान करताना आपण नेमका कशाचा सन्मान करतो? हा प्रश्न वरवर मैदानापुरता वाटला, तरी आमच्या मते तो प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो.

गोव्याचे समीर नाईक हे अशा खेळाडूंपैकी एक. चालू शतकाच्या आरंभी ते डेम्पो स्पोर्ट्स क्लबच्या बचावफळीत आले आणि सुमारे दीड दशक त्याच संघाची जर्सी अंगावर वागवीत राहिले. या काळात डेम्पोने 2004-05 व 2006-07 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि तिचे आय-लीग असे रूपांतर झाल्यावर 2007-08, 2009-10 व 2011-12 साली तेही विजेतेपद मिळविले. शेवटच्या हंगामात डेम्पोचा आघाडीचा खेळाडू रँटी मार्टिन्स याने 32 गोल केले. ही संख्या फुटबॉलप्रेमींना पाठ आहे. त्याच हंगामात बचावफळीने किती चेंडू अडविले, हे कोणी मोजून ठेवलेले नाही. 29 ऑगस्ट 2007 रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने सीरियाला 1-0 असे हरवून नेहरू चषक प्रथमच जिंकला. समीर नाईक आणि महेश गवळी हे गोव्याचे दोन बचावपटू त्या संघात होते. त्या निकालातील ‘एक’ एन. पी. प्रदीप यांचा, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘शून्य’ कोणाचे, असे कोणी विचारीत नाही. वास्तविक ते शून्य राखले गेले नसते, तर त्या एकाला काही मोल राहिले नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी सन्मानाचा विचार करताना त्याला साक्ष म्हटले आहे. एखाद्याच्या अंगी असलेल्या श्रेष्ठत्वाची ती साक्ष होय. ते पुढे म्हणतात की परमेश्वर अंतःकरण पाहतो, म्हणून त्याच्यापुढे मनातली साक्षही पुरेशी असते. माणसांपुढे मात्र ती शब्दाने, कृतीने, बाह्य चिन्हाने द्यावी लागते. गोल करणाऱ्याला असा साक्षीदार शोधावा लागत नाही, फलक त्याची साक्ष देतो. ज्याचे काम दिसत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी मुद्दाम उभे राहून बोलावे लागते. म्हणून राखणाऱ्याचा सन्मान हे औदार्य नव्हे, ते न्यायाचे देणे आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की जिंकणाऱ्या संघात टिकून राहण्यात कसली आली निष्ठा? पगार वेळेवर, चषक हाती, मग सोडून जाईल कोण? आक्षेप खरा आहे. फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी सातत्य आणि निष्ठा यांत भेद केला होता. जागा न सोडणे हे सातत्य, आणि ते सवयीने, आळसाने किंवा हिशेबानेही साधते. निष्ठेत माणूस मनाने हजर असतो आणि दिलेला शब्द रोज नव्याने देत असतो. हा भेद सुखाच्या दिवसांत कळत नाही. इटलीच्या मिलान संघाचे फ्रांको बारेसी यांची महती चषकांनीच सांगितली जाते. परंतु 1980 साली सट्टेबाजीच्या प्रकरणात मिलानला शिक्षा म्हणून खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले, 1982 साली संघ स्वतःच्या खेळाने पुन्हा खाली गेला, आणि दोन्ही वेळा हा तरुण बचावपटू तेथेच राहिला. 1997 साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा 6 हा क्रमांक मिलानने कायमचा राखून ठेवला.

डेम्पोवरही तशी वेळ आली. 2014-15 च्या हंगामात पाच वेळचा हा राष्ट्रीय विजेता आय-लीगमधून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून त्याने परतीचा हक्क मिळविला. परंतु 2016 साली, राष्ट्रीय स्पर्धांच्या फेररचनेबाबत मतभेद झाल्याने, साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह डेम्पोने आय-लीगमधून माघार घेतली. देशभर गाजलेला संघ गोव्याच्या स्थानिक स्पर्धांपुरता उरला. खेळाडू म्हणून निवृत्त झालेले समीर नाईक त्या ओसरत्या दिवसांत त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. 2023-24 च्या हंगामात आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून डेम्पो पुन्हा वर चढला, तेव्हा तेच प्रशिक्षक होते. पाच विजेतेपदांपेक्षा ही गोष्ट आम्हांला अधिक बोलकी वाटते.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. निष्ठेचे गोडवे नेहमी दुर्बळालाच ऐकविले जातात. बलवंताला ती कोण मागतो? बारेसी यांच्या नंतरचे कर्णधार पाओलो माल्दिनी मिलानसाठी 902 सामने खेळले. 24 मे 2009 रोजी घरच्या मैदानावर त्यांचा निरोपाचा सामना झाला, तेव्हा आपल्याच काही पाठीराख्यांनी शिट्ट्या वाजवून आणि कर्णधार एकच, तो बारेसी, असे सांगणारे फलक फडकावून त्यांचा उपमर्द केला. पंचवीस हंगामांच्या चाकरीची ही पावती!

आम्ही ज्या पिंपरी-चिंचवड परिसरात राहतो, तेथे हा आक्षेप तर अधिकच बोचरा आहे. बालेवाडीचे क्रीडा संकुल येथून हाकेच्या अंतरावर. 2007 साली स्थापन झालेला पुणे एफसी तेथे खेळला, 2012-13 साली आय-लीगमध्ये दुसरा आला आणि 2015 साली बंद झाला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळून 2017 साली बाहेर पडला. 2014 साली आलेला एफसी पुणे सिटी 2019 साली संपला. चिंचवडच्या एखाद्या मुलाने आयुष्यभर एकाच संघासाठी खेळायचे ठरविले असते, तर त्याने निष्ठा ठेवायची कोणाशी?

हाच प्रश्न कारखान्यांच्या दारातही उभा आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागाहून टेल्को, बजाज ऑटो आले आणि एका कंपनीत लागून त्याच कंपनीतून निवृत्त होणारी एक पिढी येथे घडली. 2007 साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली. कामाचा ओघ चाकणकडे वळला. आज चाकणला जाणारी मुले बहुधा ठेकेदाराकडे लागतात, काही महिन्यांनी त्यांना ब्रेक मिळतो आणि पुन्हा नवे गेट, नवा पास. घरी वडील म्हणतात, “आम्ही तीस वर्षे एका जागी काढली, तुला वर्षभर टिकता येत नाही.” हा न्याय नव्हे. ज्याला कोणी ठेवूनच घेत नाही, त्याच्यावर सोडून गेल्याचा आरोप कसा करावा?

निष्ठा दुहेरी असते, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरू येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पोसाठी दोन्ही गोल करून ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावर कोसळला आणि मरण पावला. डेम्पोने त्याची 10 क्रमांकाची जर्सी पुन्हा कोणाला दिली नाही. तो त्या संघात फार थोडे दिवस होता. जो संघ अल्पकाळ राहिलेल्या परक्या मुलालाही विसरत नाही, त्याच्याशी आयुष्यभर बांधून घ्यावेसे कोणाला वाटले, तर त्यात नवल नाही. ज्या संस्थेला माणसांकडून निष्ठा हवी, तिने आधी निष्ठेस पात्र व्हावे. आणि वर्षानुवर्षांचे देणे थकवून निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देणाऱ्याने त्याला सन्मान म्हणू नये.

मग चाकणच्या त्या मुलाच्या वाट्याला निष्ठा येणारच नाही काय? आम्हांला तसे वाटत नाही. बचावपटूची निष्ठा जर्सीवर दिसते हे खरे. परंतु तिचे मूळ शेजारी उभ्या असलेल्या गोलरक्षकाशी आणि जोडीदारांशी असते. तो आपली जागा धरून राहतो, कारण ती सोडली तर घाव दुसऱ्यावर पडणार असतो. ही निष्ठा गेट बदलले तरी माणसाबरोबर जाते. प्रेसवर नवख्याचा हात साच्याखाली जाण्याआधी मशीन थांबविणारा, सदोष ब्रेकचा भाग पुढे जाऊ न देणारा, रात्रपाळीत डुलकी लागलेल्या सोबत्याला जागे ठेवणारा, असा प्रत्येक कामगार बचावपटूच आहे. त्याच्या कामाचा पुरावा एवढाच, की काही झाले नाही.

म्हणून वाचकहो, यापुढे कोणाच्या निरोप-समारंभास जाल, तेव्हा त्याने किती वर्षे काढली हे सांगून थांबू नका. त्याच्या हाताखाली कोणते अपघात टळले, कोणती भांडणे पेटली नाहीत, कोणाची नोकरी वाचली, हे त्याच्या सोबत्यांना विचारून घ्या आणि सर्वांसमक्ष सांगा. वर्षभरात तिसऱ्या कंपनीत लागलेला मुलगा पाळी संपवून घरी येईल, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न विचारा. त्याच्यासाठी समारंभ कोणी करणार नाही. साक्ष द्यायला घरचेच लोक आहेत.