वर्षाचे कपडे आणि आखिरतचा हिशेब

पोशाख ही अल्लाहने मानवाला दिलेली देणगी आहे, असे पवित्र कुरआनने सूरह अल्-अअराफच्या २६व्या आयतीत स्पष्ट केले आहे. तेथे पोशाखाचे दोन हेतू सांगितले आहेत, लज्जारक्षण आणि शोभा. त्याचबरोबर तक्वाचा, म्हणजे ईशभयाचा पोशाख सर्वांत उत्तम होय, असेही बजावले आहे. सूरह अन्-नहलच्या ८१व्या आयतीत उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या वस्त्रांची गणना ईश्वरी कृपांमध्ये केली आहे. भंडारा जिल्ह्यातील वाचकाला या कृपेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मे महिन्याचे रणरणते ऊन, पावसाळ्यातील धानाच्या बांधीतला चिखल आणि हिवाळ्यातील पहाटेची फजरच्या वेळची थंडी हे सारे तो अंगावर झेलत असतो.

मग प्रश्न असा की, कुटुंबासाठी ऋतूंप्रमाणे वर्षभराच्या कपड्यांचा विचार आधीच करणे, कापड आणून ते घरी शिवणे, त्यात मन घालणे ही दुनियादारी आहे, की ती अमानतीची जपणूक आहे?

प्रथम शोभेचा विचार करू. आपले कपडे चांगले असावेत असे वाटणे हा अहंकार आहे काय, असा प्रश्न पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासमोर आला होता. अल्लाह सुंदर आहे आणि सौंदर्य त्याला प्रिय आहे. अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, असा खुलासा त्यांनी केला. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. म्हणजे दोष नीटनेटक्या शिवणीत नसून शेजाऱ्याच्या विटक्या सदऱ्याकडे पाहणाऱ्या नजरेत असतो. दुसऱ्या एका हदीसमध्ये खाणे, पिणे, दान देणे आणि वस्त्र परिधान करणे या सर्वांना मुभा दिली आहे. अट एवढीच की त्यात उधळपट्टी आणि गर्व नसावा.

उधळपट्टी कोठे सुरू होते, हे ईदच्या खरेदीत सर्वांत स्पष्ट दिसते. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते आणि जवळपास ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरते. २०२१ साली ईदुल फित्र मेच्या मध्यावर आली होती. २०३१ साली ती जानेवारीत येईल. जो पोशाख केवळ ईदसाठी, केवळ चमक पाहून घेतला जातो, तो ऋतूला साजेसा नसेल तर एक दिवस वापरून पेटीत जातो. याउलट ज्या ऋतूत ईद येत आहे त्या ऋतूला उपयोगी पडेल असे कापड निवडले, उन्हाळ्याला सुती आणि थंडीला जाडेभरडे, तर तोच पोशाख ईदचाही होतो आणि रोजचाही. हे काम शाबानमध्येच उरकले तर रमजानच्या अखेरच्या दहा रात्री बाजारात खर्ची पडत नाहीत. लैलतुल कद्र शोधण्याच्या रात्री आपण दुकानांत रंग जुळवत फिरावे, यापेक्षा मोठा तोटा कोणता?

येथे आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे जुने नमुने उपयोगी पडतात. त्यांचा कळीदार कुर्ता पाहा. अंगाचा सरळ पट्टा, बाजूंना तिरक्या कळ्या, काखेत चौबगला. एक कळी सुलट आणि दुसरी उलट ठेवून कापली की मधले कापड वाया जात नाही. जुना कुर्ता उसवून त्याचे तुकडे कागदावर ठेवले की खाका तयार होतो. मुलांच्या कपड्यांत आतून जादा दुमड सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी ती उसवून लांबी वाढवता येते. थोरल्याचे धाकट्याला, धाकट्याचे गोधडीला, असा एका कापडाचा प्रवास असे. या स्त्रियांनी काटकसरीवर प्रवचने दिली नाहीत. ती त्यांच्या कात्रीतच होती.

आपल्या जिल्ह्यातील मोहाडी आणि आंधळगावचा कोसा प्रसिद्ध आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवरील कोशांपासून निघणारे हे वस्त्र आपल्या मातीचे वैभव आहे. भगिनींनी ते अवश्य वापरावे. मात्र कोसा हेदेखील रेशीमच आहे आणि हदीसनुसार रेशीम पुरुषांना वर्ज्य आहे. नवरदेवासाठी ते घेण्यापूर्वी आलिमांना विचारून घ्यावे.

आता एका अवघड बाबीकडे वळू. घरी शिवलेले कपडे स्वस्त पडतात असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाचे श्रम हिशेबातून वगळतो? दिवसभराच्या कामानंतर रात्री मशीनवर वाकलेल्या आईचे किंवा पत्नीचे डोळे कोणत्या खात्यात मांडायचे? पैगंबर (स.) घरात काय करीत, असे विचारले असता हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की ते आपले कपडे स्वतः शिवत आणि पादत्राणेही दुरुस्त करीत. मुअत्तामध्ये हजरत अनस (रजि.) यांची साक्ष आहे की हजरत उमर (रजि.) यांच्या खांद्यांमध्ये एकावर एक अशी तीन ठिगळे त्यांनी पाहिली, आणि तेव्हा ते शासक होते. म्हणून पुरुषाने बटण टाकणे, उसवलेली शिवण घालणे यात कमीपणा नाही. त्यात सुन्नतचे अनुसरण आहे. आणि ज्या घरात सवड नाही, तेथे शेजारच्या शिंप्याला काम देणे ही उधळपट्टी नव्हे. फक्त त्याची मजुरी घाम सुकण्यापूर्वी हातात पडावी.

काटकसरीची दुसरी कड कंजुषी आहे. सूरह अल्-फुरकानच्या ६७व्या आयतीत रहमानच्या दासांचे लक्षण सांगितले आहे की ते उधळतही नाहीत आणि हातही आखडत नाहीत, मधला मार्ग धरतात. वाचलेले पैसे केवळ पेटीत साठले तर आपण फक्त पेटी बदलली. म्हणून वर्षाचे कपडे आखताना यादीत एक नाव घराबाहेरचे असावे: एखादे अनाथ मूल, एखादी विधवा, कोणी गरजू शेजारी. त्यांच्यासाठी आपला फाटका जोड बाजूला काढू नये. आपल्या मुलांसाठी आणलेल्या त्याच ताक्यातून शिवावे.

बंधू-भगिनींनो, संपत्ती कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली, हे दोन्ही प्रश्न कयामतच्या दिवशी विचारले जाणार आहेत. अखेरचे वस्त्र कफनाचे असते. त्याला खिसा नसतो. तोपर्यंतची सर्व वस्त्रे आपल्याकडे अमानत आहेत. अल्लाह आपणा सर्वांना शोभेत नम्रता, काटकसरीत उदारता आणि तक्वाचा पोशाख प्रदान करो. आमीन.