कावळा शिवेना तेव्हा

दशक्रियेच्या घाटावर गुरुजींचे मंत्र संपतात आणि मग खरी घालमेल सुरू होते. पिंड मांडून झालेले असतात. शेजारी पत्रावळीवर गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीबाही ठेवलेलं असतं: पिठलं-भाकरी, जिलबी, तंबाखूची पुडी, एखाद्याच्या वाट्याला बिडीचं बंडलसुद्धा. कावळ्यानं पिंडाला शिवावं म्हणून मंडळी मागे सरतात. कावळा येतो, कठड्यावर बसतो, मान तिरकी करून बघतो आणि उडून जातो. लगेच कुजबुज: कुठली इच्छा राहिली असेल? धाकटीच्या लग्नाचं राहिलं होतं. छे, विहिरीच्या वाटणीचं. थोरला पुढे होऊन हात जोडतो, "आण्णा, धाकटीचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका." तरी कावळा नाहीच. मग सून पुढे होते, मग मित्र, मग ज्याच्याशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं तो चुलतभाऊ.

शेवटपर्यंत नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा, अशी सोय रूढीनं ठेवली आहे. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात जमलेली माणसं एक विलक्षण काम करत असतात. या एका माणसाला काय हवं होतं, याचा सगळे मिळून शोध घेत असतात. मंत्र सगळ्यांना सारखेच, ही चौकशी मात्र दर वेळी वेगळी.

आता शहरांतल्या स्मृतिसभांमध्ये पाहुण्यांसाठी काहीतरी 'खास' योजायची पद्धत रुजते आहे. आठवणींच्या चिठ्ठ्या टाकायला पेटी, फोटोंचा फलक, निघताना हातात बियांचं पाकीट. हेतू चांगलाच असतो. पण बियांचं पाकीट कुणाच्याही सभेत चालतं. ज्यानं आयुष्यात कुंडीला पाणी घातलं नाही त्याच्याही. घाटावरची ती बिडी दुसऱ्या कुणाच्या पिंडापाशी चालत नाही.

हे सगळं मृतापर्यंत पोचतं का, हा प्रश्न जुना आहे आणि तो विचारणारे घरचेच आहेत. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात जाबाली ऋषी रामाला हेच ऐकवतो: इथं एकानं जेवलेलं दुसऱ्याच्या पोटात जात असेल, तर प्रवासाला निघालेल्यांच्या नावानं घरीच श्राद्ध घाला, शिदोरी कशाला बांधता? राम संतापतो. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकाच्या तोंडी हाच युक्तिवाद येतो. त्याला सरळ उत्तर देणं अवघड आहे. परंपरेनं कधीकधी रोखच बदलला. पैठणच्या एकनाथांची आख्यायिका पाहा. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दारावरून जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या माणसांना वाढला, ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला, तेव्हा पितर स्वतःच पानावर येऊन बसले. म्हणजे पोचायचं ते कुणाला जेवू घातलं यावरून पोचतं.

आणि हात कुणाचे चालतात, हाही प्रश्न आहेच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. दत्तक मुलगा यशवंत टिटवं (अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं) धरणार म्हणताच भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. बाईनं स्मशानात जायचं नाही, असं मानणाऱ्या काळात! पाहुण्यांना काय करू द्यायचं याचं नियोजन निरागस नसतं; त्यात कुणाला मागे उभं ठेवायचं, हेही ठरत असतं.

मृताला दिलेल्या शब्दाची किंमत कधीकधी तिसराच मोजतो. महेश मांजरेकरांच्या 'काकस्पर्श' (२०१२) या चित्रपटाचा पेच यावरच उभा आहे. धाकट्या भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही, हरी पिंडापाशी जाऊन हळूच एक वचन देतो, कावळा शिवतो, आणि त्या वचनाखाली जन्म काढते ती भावाची बालविधवा उमा. तिला कुणी विचारलेलंच नसतं. स्मृतिसभेत माइकवरून "काकूंची जबाबदारी आता आमची" असं जाहीर करणाऱ्यांनी हा सिनेमा एकदा बघून यावा.

जपानमध्ये जवळच्या माणसांना शब्दांपलीकडचं एक काम मिळतं. दहनानंतर नातेवाईक दोघादोघांनी काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात. आधी पायांच्या, शेवटी डोक्याकडच्या, म्हणजे माणूस कलशात उलटा होत नाही. म्हणूनच जेवताना एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देणं तिथं अशुभ.

पण माणसागणिक वेगळं आणि तरीही सगळ्यांचं, असं काम अमेरिकेतल्या एड्सच्या साथीत उभं राहिलं. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यानं मोर्चातल्या लोकांना एड्सनं गेलेल्या मित्रांची नावं कागदावर लिहायला सांगितली. ते कागद सरकारी इमारतीच्या भिंतीवर डकवल्यावर ठिगळांच्या रजईसारखे दिसले. त्यातून प्रत्येक मृतासाठी एक कापडी तुकडा शिवायची कल्पना निघाली: तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. कित्येक अंत्यविधी संस्था हे मृतदेह घ्यायलाच तयार नव्हत्या. काही घरांनी नाव लावायला नकार दिला होता. मग मित्रांनी शिवलं. जीन्स, टाय, टेडी, कुणाची पत्रं, काही तुकड्यांत तर राखसुद्धा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० तुकडे अंथरले गेले आणि नावं मोठ्यानं वाचली गेली. आज तुकडे सुमारे ५०,००० आहेत, आणि काही तुकड्यांवर एकाहून जास्त नावं असल्यानं नावं एक लाखाहून जास्त. ज्यांना शिवता येत नव्हतं ते शिकले. काहींनी अनोळखी माणसासाठीही शिवलं.

महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी इथल्या बायका पिढ्यानपिढ्या शिवत आल्या आहेत. आजीच्या पातळांची गोधडी, येणाऱ्या प्रत्येकानं चार टाके घालायचे, ज्याला सुई धरता येत नाही त्यानं दोरा ओवून द्यायचा आणि तेवढ्यात आजीचा एखादा किस्सा सांगायचा, हे कुठल्याही चिठ्ठ्यांच्या पेटीपेक्षा सरस. दहाव्याला मात्र ते जमणार नाही. घरात माणसांची रीघ, स्वयंपाकाची धांदल आणि कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. वर्षश्राद्धाला जमेल. फक्त तोपर्यंत कपाट रिकामं करून पातळं वाटून टाकू नका, एवढं थोरल्या सुनेला आधीच सांगून ठेवावं लागेल.