मूल हाताशी घेताना

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुट्टीत मुलांचा वेळ फुकट जातो, त्यांना काही मजेशीर आणि शैक्षणिक उपक्रम द्या, अशी मागणी पालकांच्या एका बैठकीत ऐकली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. गोव्यातल्या ज्या डिचोलीत चवथीआधी माटोळीचा बाजार भरतो, तिथल्या मुलांना रंगवायला सफरचंदाचं छापील चित्र हवं?

मुलांना खेळातून शिकवावं, याबद्दल आता वाद नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षांचा टप्पा खेळावरच उभा केला आहे. मला भेद दिसतो तो दुसरा. काही कामं आपण मुलांसाठी काढतो, काही मुलांना हाताशी घेऊन करतो. पहिल्या प्रकारात उत्तर मोठ्यांना आधीच ठाऊक असतं. दुसऱ्यात मोठ्यांनाही काम उरकायचं असतं आणि त्या चिमुकल्या हातांची खरोखर गरज असते.

माटोळी या दुसऱ्या प्रकारातली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी, रानातली फळं केवणीच्या सालीने बांधायची. एका बाजूला नारळ जास्त झाले की चौकट कलते, हे खाली उभ्या असलेल्या मुलाला कुणी सांगावं लागत नाही. केवणीची शेंग दोरासारखी पिळलेली असते. वाघनखीच्या पानाचं टोक लांबत जाऊन शेजारच्या फांदीला वेटोळं घालतं. लालभडक कवंडळाकडे हात गेला की आजी बजावते, हे बांधायचं, तोंडात घालायचं नाही. दिसायला सुंदर ते सगळं खायचं नसतं, हे मूल तिथेच शिकतं. म्हणून मला वाटत होतं, शाळेने यात पडूच नये. सुट्टी द्यावी, बाकीचं घर बघेल.

खेळण्यांचे संच विकणारे म्हणतात, मुलाला कळू न देता शिकवा. हे मला मुळीच मान्य नाही. शिकणं कडू औषध आहे असं धरून चाललं, तरच त्याला साखर लावावी लागते. गाठ जमली की चार वर्षांचं मूल ती घरभर दाखवत फिरतं. त्याच्यापासून काय लपवायचं? लहान मूल एका जागी टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं. पण माटोळी बांधताना त्याला एका जागी बसवतं कोण?

इथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आठवतात. 1945 साली बोर्डीत त्यांनी गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पानं, बिया वापरल्या आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. कारण नुसत्या घराच्या भरवशावर राहिलं असतं, तर पुष्कळ मुलं मागे पडली असती.

त्यांच्यामुळे माझंच म्हणणं मला तोकडं वाटू लागलं. घर बघेल म्हणताना मी कुणाचं घर धरत होतो? डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या मुलाच्या घरी माटोळी नसते, पेडण्यातल्या ख्रिस्ती मुलाच्या घरीही नसते. घरावर सोडणं म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच पुन्हा देणं.

तेव्हा शाळेनेच यात पडावं. माटोळीची कागदी नक्कल मात्र करू नये. पहिल्या पावसानंतर कोवळा टायकिळा मुलांकडून खुडून घ्यावा, त्याची पानं रात्री मिटतात का ते घरी पाहायला सांगावं, कुंपणावर दोडका चढवावा आणि ती भाजी खरंच शिजवून सगळ्यांच्या पानात वाढावी. मुलांनी केलं नाही तर अडेल, एवढं खरं काम शाळेत असलं पाहिजे.